सात बुटक्यांचे तारण

लॉस एंजेलिसच्या हायपेरियन ॲव्हेन्यूवरील डिस्ने स्टुडिओत एके दिवशी एका बँक-अधिकाऱ्यासाठी खास चित्रपट दाखविण्यात आला. अधिकारी होते बँक ऑफ अमेरिकेचे जोसेफ रोझेनबर्ग आणि त्यांच्या शेजारी बसले होते स्वतः वॉल्ट डिस्ने. चित्रपट अपुरा होता. काही प्रसंग पूर्ण रंगविलेले, तर काही नुसत्या पेन्सिलीच्या रेघांत. मधल्या रिकाम्या जागा डिस्ने स्वतः बोलून आणि हातवारे करून भरून काढीत होते. स्टुडिओची तिजोरी आटत आली होती आणि काम तडीस नेण्यासाठी आणखी कर्ज हवे होते. रोझेनबर्ग यांच्या चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. चित्रपट संपला, ते उठले, मोटारीपर्यंत चालत गेले, वाटेत इकडचे तिकडचे बोलले. निघताना मात्र त्यांनी एवढेच सांगितले, की हा चित्रपट पुष्कळ पैसा मिळवील. कर्ज मिळाले. ही हकीकत डिस्ने यांनीच पुढे सांगून ठेवली आहे.

तो चित्रपट म्हणजे ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’. मराठी घरांत ‘हिमगौरी आणि सात बुटके’ या नावाने ओळखीची झालेली जर्मन लोककथा. आरंभी या कामाला सुमारे अडीच लाख डॉलर लागतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात खर्च पंधरा लाखांच्या घरात गेला. सहापट फुगलेले अंदाजपत्रक घेऊन आलेल्या ऋणकोला कोणताही सावध अधिकारी दाराशीच थांबवील. हॉलिवूडमध्ये तर या खटाटोपाला ‘डिस्नेचा मूर्खपणा’ असेच नाव पडले होते. कागदोपत्री तारण काय होते ते असो. पडद्यावर त्या अधिकाऱ्याला जे तारण दिसले, ते सात बुटक्यांच्या स्वभावांचे होते.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल. पण त्या काळची अडचण ध्यानात घेतली की त्यातील तथ्य पटते. तोवरचे व्यंगचित्रपट सात-आठ मिनिटांचे असत. कोणी आपटले, कोणाच्या डोक्यात काही पडले, कोणाचे शेपूट दारात सापडले, एवढ्यावर प्रेक्षक हसत. हे हसू घटनेला असते, व्यक्तीला नसते; म्हणूनच ते फार काळ टिकत नाही. दीड तासाच्या चित्रपटात प्रेक्षकाला खुर्चीत बसवून ठेवायचे, तर पडद्यावरच्या कोणाबद्दल तरी त्याच्या मनात काळजी उत्पन्न झाली पाहिजे; आणि जो कोण आहे हेच कळत नाही, त्याची काळजी कोणी करीत नाही. शाई आणि रंग यांपासून ‘कोणी तरी’ घडवायचा कसा, हा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाला हात घालणारे पहिले मोठे नाव विन्झर मॅके यांचे. हे अमेरिकन वृत्तपत्रांतील नामांकित चित्रकार. १९१४ साली त्यांनी ‘गर्टी’ नावाची एक डायनोसॉर पडद्यावर आणली. मॅके स्वतः रंगमंचावर, हातात चाबूक घेऊन, सर्कशीतल्या शिक्षकासारखे उभे राहत आणि पडद्यावरच्या गर्टीला आज्ञा देत. गर्टी कधी ऐके, कधी ऐकत नसे. आज्ञा पाळण्याऐवजी तिचे लक्ष भलतीकडेच जाई. रागावले की लहान मुलीसारखी रडू लागे. हजारो चित्रे हाताने काढून मॅके यांनी जो प्राणी उभा केला, त्याचे मोठेपण आकारात नव्हते. तो हट्टी होता, लाडावलेला होता आणि मनाने हळवा होता. प्रेक्षकांना एक अजस्र जनावर दिसत होते आणि ओळख मात्र एका अवखळ मुलीची पटत होती.

मॅके यांच्यानंतर बराच काळ हा धागा पातळच राहिला. तो पुन्हा घट्ट झाला १९३३ साली, डिस्ने यांच्या ‘थ्री लिटल पिग्ज’ या छोट्या चित्रपटात. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: गवताचे घर, काटक्यांचे घर आणि विटांचे घर. चित्रकारांपुढील पेच निराळाच होता. तिन्ही डुकरे दिसायला जवळजवळ सारखी. तोच गोल देह, तेच नाक, तेच कान. पहिली दोन बासरी आणि सारंगी वाजवीत बागडतात, तिसरे डोळा खाली घालून विटा रचते. पोशाखाचा फरक सोडला, तरी कोणते डूक कोणते हे हालचालीवरून कळते. सारखे दिसणारे जीव वागण्यामुळे वेगळे ठरू शकतात, हे या चित्रपटाने सिद्ध केले, असे पुढे चक जोन्स यांच्यासारख्या जाणत्या व्यंगचित्रपटकारांनी आवर्जून सांगितले आहे. या डुकरांना चाल देणारे चित्रकार होते फ्रेड मूर.

पेढीवर बसणाऱ्या माणसाला हे तत्त्व नवे नाही. एकाच घरातील तीन भाऊ, चेहऱ्याने एकमेकांचे ठसे. पण नोटा मोजताना पाहावे. एकजण बोट ओले करून, ओठ हलवीत, प्रत्येक नोट सरळ करून मोजतो. दुसरा पत्त्यांसारखी फरफर उलटीत जातो आणि मध्येच फोन आला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. तिसरा मोजतच नाही. गड्डीची जाडी चाचपून गल्ल्यात टाकतो. कृती एकच, पण तिघांपैकी उधारी कोणाच्या हाती सोपवावी, हे पाहणाऱ्याला न सांगता कळते. ॲनिमेटर जे करतो ते नेमके हेच: एकच कृती निरनिराळ्या पात्रांना करायला लावायची आणि ‘काय केले’ यापेक्षा ‘कसे केले’ यावर सारा भर द्यायचा.

यासाठी स्टुडिओत अक्षरशः शाळा भरत असे. १९३२ पासून डॉन ग्रॅहम नावाचे कलाशिक्षक तेथे चित्रकारांचे वर्ग घेत. माणसाचा तोल कसा सांभाळला जातो, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर कसे जाते, याचा अभ्यास चाले. नवशिक्यांसाठी एक सराव प्रसिद्ध आहे: अर्धे भरलेले पिठाचे पोते काढायचे. पोत्याला चेहरा नाही, हात नाहीत, पाय नाहीत. आहेत ती फक्त चार टोके आणि आत सरकणारे पीठ. या पोत्याला आनंदित दाखवा, खिन्न दाखवा, कुतूहलाने वाकून पाहताना दाखवा, अशी आज्ञा असे. पोते ताणले की उंच होते आणि कंबरेत बारीक होते. बसले की पसरते. पण आतले पीठ तेवढेच राहिले पाहिजे. वजन कमीजास्त झाल्यासारखे वाटले, की पाहणाऱ्याचा विश्वास उडालाच. ज्याला पोत्याच्या पाठीच्या बाकावरून दुःख दाखविता आले, त्याच्या हाती मग चेहऱ्याचे काम येई. धान्याच्या दुकानात वाढलेल्या माणसाला या परीक्षेची अवघडता सहज उमजेल.

दुसरा धडा विचाराचा. १९३४ च्या ‘प्लेफुल प्लूटो’ या चित्रपटात कुत्रा माश्या पकडण्याच्या चिकट कागदावर बसतो. प्रसंग साधा आहे. कागद एका ठिकाणाहून सुटतो आणि दुसऱ्या ठिकाणी चिकटतो. परंतु नॉर्मन फर्ग्युसन यांनी तो रेखाटताना प्रत्येक धडपडीच्या आधी कुत्र्याला क्षणभर थांबविले. तो कागदाकडे पाहतो, मनाशी काही ठरवितो, मग करतो, आणि फसतो. त्या थांबण्यात प्रेक्षकाला कुत्र्याचा विचार दिसला. हालचालीपूर्वी विचार आणि विचारापूर्वी भावना, हा क्रम एकदा सापडल्यावर चित्र नुसते हलणे थांबले आणि वागू लागले.

एवढी शिदोरी घेऊन मंडळी सात बुटक्यांपाशी आली. ग्रिम बंधूंच्या संग्रहातील कथेत या बुटक्यांना नावे नाहीत आणि स्वभावही नाहीत. ते सातजण म्हणजे एकच माणूस सातदा मोजलेला. स्टुडिओत नावांच्या लांबलचक याद्या झाल्या आणि त्यांतून सात उरली: डॉक, ग्रम्पी, हॅपी, स्लीपी, बॅशफुल, स्नीझी आणि डोपी. इंग्रजी जाणणाऱ्याला नावातच स्वभाव कळतो: म्होरक्या, तिरसट, आनंदी, झोपाळू, लाजरा, शिंकरा आणि भोळा. पण नाव ही नुसती पाटी. पाटीमागे माल आहे की नाही, हे गिऱ्हाईक आत शिरल्यावर ठरते.

अडचण अशी, की सातहीजण सारख्याच उंचीचे, गोल नाकाचे, एकाच घाटाच्या टोप्या आणि अंगरखे घालणारे. त्यांत सहाजणांना पांढरी दाढी. चित्रकारांनी प्रथम चेहऱ्यांत लहान लहान भेद केले. डॉकला चष्मा, हॅपीला सर्वांत गरगरीत पोट, स्लीपीला जड पापण्या, ग्रम्पीला खाली ओढलेल्या भुवया, डोपीला दाढीच नाही, मोठे कान आणि हाताबाहेर लोंबणाऱ्या बाह्या. मात्र खरी ओळख शरीराच्या सवयींत ठेवली. डॉक म्होरक्या असला तरी आत्मविश्वासाचा कच्चा; म्हणून त्याच्या जिभेवर शब्दांची अदलाबदल होते आणि हातांना स्वस्थता नसते. आज्ञा द्यायला हात उचलतो आणि काय सांगायचे तेच विसरतो. लाजरा बॅशफुल स्वतःची दाढी पिळत राहतो. शिंकऱ्या स्नीझीला शिंक येऊ लागली, की इतरांची बोटे त्याच्या नाकाखाली धावतात. ग्रम्पी बहुधा घोळक्यापासून जरा बाजूला, हातांची घडी घालून आणि पाठ फिरवून असतो. हिमगौरी जेवणापूर्वी हात धुवायला सांगते, तेव्हा सहाजण कुरकुरत, भीतभीत का होईना, पाण्यापाशी जातात. ग्रम्पी दूर बसून टोमणे मारतो आणि शेवटी सगळे मिळून त्यालाच उचलून पाण्यात घालतात. एकच प्रसंग; पण त्यात प्रत्येकाचे वागणे त्याच्या त्याच्या स्वभावाशी इमान राखते.

डोपीची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. तो चित्रपटभर एक शब्दही बोलत नाही. त्याच्या वाट्याची सारी भाषा देहाची. या भूमिकेसाठी एडी कॉलिन्स नावाच्या विनोदी नटाला स्टुडिओत बोलावून त्याच्या हालचालींचे चित्रण करण्यात आले आणि चित्रकारांनी ते अभ्यासले. पुढे फ्रँक थॉमस या तरुण चित्रकाराने एका प्रसंगात मागे पडलेल्या डोपीला इतरांच्या पावलाशी पाऊल जुळविण्यासाठी मध्येच एक लहानशी उडी घ्यायला लावली. वॉल्ट डिस्ने यांना ती इतकी आवडली, की डोपीची ही उडी इतर प्रसंगांतही हवी असा त्यांनी आग्रह धरला. काम वाढल्यामुळे सहकारी थॉमस यांच्यावर चिडले. आज मात्र त्या अर्ध्या पावलात डोपी सगळा सापडतो: सर्वांच्या मागे राहिलेला, पण सर्वांबरोबर चालण्यासाठी जिवापाड धडपडणारा. ती उडी एका क्षणात होते. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे ८३ मिनिटांच्या या चित्रपटात १ लाख १९ हजारांहून अधिक चौकटी. त्यांतल्या मूठभर चौकटींनी एक स्वभाव कायमचा ठरविला.

तरीही केवळ लकबी म्हणजे स्वभाव नव्हे. तिरसट माणूस सदा तिरसटच वागू लागला, तर तो पात्र न राहता यंत्र होतो. हे ज्यांनी सर्वांत चांगले ओळखले, ते व्लादिमिर टिटला, ग्रम्पीचे चित्रकार. खाणीवर निघताना बुटके एकेक करून हिमगौरीचा निरोप घेतात. ग्रम्पी तिला सावधगिरीची सूचना देतो, तीही खेकसूनच. ती त्याच्या कपाळाचे चुंबन घेते. तो रागाने हिसडा देऊन ताडताड चालू लागतो. काही पावलांनी चाल मंदावते. खांदे सैल होतात, भुवया वर जातात आणि त्या आठ्यांच्या चेहऱ्यावर एक विरघळलेले हसू पसरते. तोच त्याला स्वतःची आठवण होते. चेहरा पुन्हा आवळून, छाती काढून तो तरातरा निघतो आणि झाडावर आदळून पुढे ओढ्यात पडतो. प्रेक्षक खळखळून हसतात. पण हे हसू आता घटनेला नसते. हा माणूस माया करतो आणि ती लपविण्यासाठी धडपडतो, हे त्यांना उमगलेले असते. वरून कडक, आतून मऊ असा एखादा काका किंवा मामा प्रत्येक एकत्र कुटुंबात असतोच. टिटला यांनी त्याचे अंतरंग एका चालीतून उघडे केले. त्यासाठी एका शब्दाचीही गरज पडली नाही.

या कसोटीत जे बसले नाही, ते निर्दयपणे वगळले गेले. बुटके सूप पितात असा एक लांब, गमतीदार प्रसंग वॉर्ड किंबॉल यांनी खपून तयार केला होता. हसू भरपूर होते. परंतु कथा तेथे थबकत होती. पैशांची ओढाताण असतानाही डिस्ने यांनी तो काढून टाकला. तयार माल बाजारात न आणता फेकून देणे किती जड जाते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

२१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरमध्ये पहिला खेळ झाला. हिमगौरी निष्प्राण पडली आहे आणि बुटके भोवती उभे राहून अश्रू ढाळीत आहेत, या प्रसंगी हॉलिवूडमधील मुरलेले प्रेक्षक स्वतः रडले. ग्रम्पी तोंड फिरवून हुंदके देतो, तो तर सर्वांच्या जिव्हारी लागला. पहिल्याच फेरीत चित्रपटाने सुमारे ८० लाख डॉलर मिळविले. तेही प्रेक्षकांत अल्प दराच्या तिकिटांवर आलेली मुले मोठ्या संख्येने असताना. कर्ज फिटले. १९३९ साली ऑस्करच्या समारंभात डिस्ने यांना एक पूर्ण आकाराची आणि सात लहान बाहुल्या देऊन गौरविण्यात आले. परीक्षकांनीही सातजण वेगवेगळे मोजले.

पुढे साधने बदलली. तत्त्व तेच राहिले. १९८६ साली जॉन लॅसेटर यांनी संगणकावर ‘लक्सो ज्युनिअर’ हा दोन मिनिटांचा लघुपट केला. पात्रे कोण, तर टेबलावरचे दोन दिवे. त्यांना डोळे नाहीत आणि तोंडही नाही. लहान दिवा बालकासारखा वाटावा म्हणून लॅसेटर यांनी केवळ मोठ्याची छोटी प्रत काढली नाही. त्यांनी दांडे आणि झडप लहान केली, पण आतला बल्ब मोठ्या दिव्याएवढाच ठेवला. बालकाच्या देहात सगळे अवयव एकाच प्रमाणात लहान नसतात, हे निरीक्षण त्यामागे होते. शिवाय बल्ब दुकानातून आणलेला, तो काही वाढत नाही. लहान दिवा चेंडूमागे उड्या मारतो, चेंडू फुटतो, आणि मग मान खाली घालून अपराध्यासारखा उभा राहतो. लघुपट दाखविल्यानंतर जिम ब्लिन हे संगणकशास्त्रज्ञ लॅसेटर यांच्याकडे प्रश्न घेऊन आले. सावल्यांच्या गणिताविषयी विचारतील, अशी लॅसेटर यांची अटकळ होती. ब्लिन यांनी विचारले, की तो मोठा दिवा आई आहे की वडील? पिठाच्या पोत्याची परीक्षा संगणकही उत्तीर्ण झाला होता.

या विद्येचा एक प्रवाह मुंबईपर्यंतही येऊन पोहोचला. डिस्ने स्टुडिओत अनेक वर्षे काम केलेले क्लेअर वीक्स हे १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्र विभागात प्रशिक्षण देण्यासाठी आले. त्यांच्या हाताखाली ‘द बनियन डीअर’ हा जातककथेवरील लघुपट तयार झाला. एका गाभण हरिणीऐवजी आपला प्राण देऊ करणाऱ्या मृगराजाची ती कथा. तेथे शिकलेल्यांपैकी राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू ठरले.

आज घराघरांत नातवंडे तासन्‌तास कार्टून पाहतात आणि वडीलधारी मंडळी पाठमोरी बसून कपाळाला आठ्या घालतात. सगळेच कार्टून पाहण्याजोगे असते असे नाही, आणि निवड करायला मुलांना मोठ्यांची मदत लागतेच. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. आजोबांनी एखाद्या संध्याकाळी नातवाशेजारी बसावे आणि पाच मिनिटे दूरचित्रवाणीचा आवाज बंद करावा. मग विचारावे: यातला घाबरट कोण? ढोंगी कोण? कोण कोणावर जीव लावून आहे आणि तो लपवीत आहे? मूल जर पावलांकडे, खांद्यांकडे आणि मानेच्या झुकण्याकडे पाहून उत्तरे देऊ लागले, तर ते चित्र कोणीतरी मन लावून काढलेले आहे. उत्तरे देता येत नसतील, तर पडद्यावर नुसती रंगीत धावपळ चालली आहे असे समजावे आणि दुसरे काही लावावे. ‘हिमगौरी’ लावली तर उत्तमच. ग्रम्पी ओढ्यात पडेपर्यंत थांबावे आणि मग आवाज पुन्हा सुरू करावा.